शर्यत सोडणाऱ्याला हसू नका



मागच्या अंकातल्या सांधेदुखीच्या लेखावर बरीच पत्रे आली. त्यांची उत्तरे पुढच्या वेळी देईन. आज विषय वेगळा आहे. हिवाळा आला की आमच्या उत्तरेकडच्या घरांतून एकच बोलणे ऐकू येते, ते म्हणजे किनेरेतच्या काठाने होणारी तिबेरियाची मॅरेथॉन. कोणाचा मुलगा धावणार, कोणाची सून धावणार, कोणाच्या जावयाने नवे बूट घेतले. आमच्या तरुणपणी मुंबईत माणूस धावायचा तो लोकल पकडायला, नाहीतर कुत्रे मागे लागले म्हणून. आता पन्नाशीचे गृहस्थ आणि दोन मुलांच्या आया पैसे भरून, छातीवर नंबर लावून ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर धावतात.

मला याचा आनंदच आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचून कोणी म्हणायला नको की म्हातारी सिस्टर मुलांना घाबरवते. २००७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ५२ देशांतल्या रुग्णांचा एक अभ्यास छापून आला होता. भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो आणि बाकीच्या जगात तो ५९ च्या आसपास येतो, असे त्यात दिसले. आपल्या समाजाचा त्यात वेगळा हिशेब नव्हता. पण घराघरांतली साखर, रक्तदाब आणि बायपास पाहता मी आपल्याला त्याच पंगतीत बसवते. म्हणून आपली माणसे घाम गाळू लागली तर मी टाळ्या वाजवणाऱ्यांत आहे.

वॉर्डातून निवृत्त झाल्यापासून मी लहानमोठ्या शर्यतींच्या प्रथमोपचाराच्या तंबूत हौसेने बसते. शिवाय शर्यत झाली की नात्यातली, शेजारची मुले पाय दाखवायला घरी येतात. काळी पडलेली नखे, फोड, बनियन घासून रक्ताळलेली छाती. (पुरुषांनी तिथे आधी व्हॅसलीन लावावे. लाजू नये.) मी फोडांना पट्टी लावते आणि ती बोलत असतात. त्या बोलण्यातूनच हा लेख निघाला.

तिबेरिया काही मोठे शहर नाही. तेल अवीवच्या शर्यतीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसे असतात, वाद्ये असतात. इथे सुरुवातीचे काही किलोमीटर गेले की गाव संपते. मग डाव्या हाताला किनेरेत, उजवीकडे डोंगर, आणि पुढे केळीच्या बागा आणि खजुराची झाडे. देगानियाजवळ यार्देन ओलांडायची, सेमाखच्या चौकातून वळायचे, पूर्वेच्या काठाने एन गेवपर्यंत जायचे आणि तिथून त्याच वाटेने परत. सारा रस्ता समुद्रसपाटीच्या सुमारे २०० मीटर खाली आहे. हवा किंचित दाट असते, म्हणून श्वास मोकळा होतो असे धावणारे सांगतात. फरक फार थोडा आहे, पण मनाला बरे वाटत असेल तर माझे काय जाते?

माझा भाचा शाळेत शिकवतो. दिवसभर मुलांचा गलका ऐकणारा माणूस. तो म्हणाला, “मावशी, पंधराव्या किलोमीटरनंतर माझ्या बुटांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाजच नव्हता. मला ते इतकं आवडलं की मी वेग कमी केला.” आमच्या शेजारणीची सून सावकाश धावणारी. तिचा अनुभव निराळा. जाता-जाता तिला परत येणारे सगळे समोरून भेटत गेले. आधी ते बारीक चणीचे पहिले धावपटू, वाऱ्यासारखे. मग क्लबातली मंडळी, मग साधी माणसे, मग पांढऱ्या दाढीचे एक आजोबा. जो तो तिला “कोल हाकावोद” म्हणून पुढे जायचा. “मावशी, मी एन गेवला वळले,” ती म्हणाली, “आणि मला कोणाला तसं म्हणावं तर माझ्यामागे कोणीच नव्हतं.”

आमच्या ओळखीचे एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत, वय ६३. आयुष्यभर त्या रस्त्याने बस चालवली आणि आता त्याच रस्त्यावर धावतात. त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या मनात बसली आहे. एन गेवला पोचलात की तिबेरिया समोर दिसते. घरे दिसतात, हॉटेले दिसतात. पण मध्ये पाणी. पक्षी होऊन गेलात तर हे एवढेसे अंतर, रस्त्याने मात्र अर्धी मॅरेथॉन शिल्लक. “सिस्टर,” ते म्हणाले, “घर दिसतंय, घरातला रस्साही नाकाला लागतोय, आणि पोचायला अजून तीन तास!” त्यातच तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमाराला शरीरात साठवलेली साखर संपत येते आणि पाय लाकडाचे होतात. धावणारे याला भिंत म्हणतात. नकाशावर पाहिले तर परतीच्या वाटेवर ही भिंत सेमाखच्या आसपास लागते. तिथून पुढे माणूस पायाने कमी आणि हट्टाने जास्त धावतो.

हे सारे ऐकायला मला फार आवडते. पण वर्षानुवर्षे ऐकून एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यांच्या गोष्टीचा साचा एकच असतो: फार त्रास झाला, थांबावेसे वाटले, पण थांबलो नाही. टाळ्या. फोटो. पदक. जो थांबला त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. सांगितली तर हसण्यासाठी.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच समाजातले एक गृहस्थ, वय ५२, परतीच्या वाटेवर तिसाव्या किलोमीटरच्या आधी थांबले आणि मागून येणाऱ्या गाडीत बसले. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.) छातीत दुखत नव्हते. खालचा जबडा ओढल्यासारखा वाटत होता आणि अंगाला गार घाम आला होता. गाडीत बसल्यावर दहा मिनिटांत बरे वाटले, म्हणून कोणाला काही बोलले नाहीत. चार दिवसांनी नात्यातल्या एका मुलीची मेंदी होती. तिथे त्यांची जी थट्टा झाली ती विचारू नका. कोणी म्हणाले, “ह्यांना अर्धीच मेंदी लावा, ह्यांना अर्ध्यातच सोडायची सवय आहे.” सगळे हसले, तेही हसले. मी मात्र स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोजवळ उभी होते. ती हळूच म्हणाली, “जिना चढताना अजूनही जबड्याला हात लावतात.” मी मलिद्याचे ताट खाली ठेवले आणि त्यांना त्याच रात्री इस्पितळाच्या मियूनमध्ये पाठवले. त्सिंतूर झाले. हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद होती. स्टेंट बसला. आज ते रोज सकाळी तास-दीड तास चालतात.

आता दुसरी बाजू. एक तिशीची मुलगी चोविसाव्या किलोमीटरला चक्कर आल्यासारखे वाटले म्हणून थांबली. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, सगळे ठीक निघाले. घरी सासूबाई म्हणाल्या, “एवढे पैसे भरले, सहा महिने पहाटे उठून घर डोक्यावर घेतलं, आणि एवढ्याशा चकरेला घाबरली!” ती मला विचारायला आली, “मावशी, मग मी उगाच सोडली का?” मी म्हटले, “नाही. तुला कोणी पुढच्या वर्षी धावायला बंदी केली आहे का?”

या दोघांत माझ्या दृष्टीने काही फरक नाही. दोघांनी शरीराचे ऐकले. एकाच्या नळीत अडथळा होता, दुसरीच्या नव्हता. रस्त्यावर उभे असताना ते दोघांनाही कळण्यासारखे नव्हते, आणि जे कळत नाही त्यावर पैज लावायची नसते.

भाचा माझ्याशी वाद घालतो. म्हणतो, “मावशी, असं ऐकत बसलो तर कोणीच शर्यत पुरी करणार नाही. सगळ्यांनाच सगळीकडे दुखत असतं.” त्याचे म्हणणे खरे आहे. आणि आकडेही त्याच्या बाजूचे आहेत. अमेरिकेत २००० ते २०१० या वर्षांत मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख लोकांचा हिशेब २०१२ मध्ये छापून आला. त्यांत हृदय बंद पडण्याचे प्रसंग ५९ होते. म्हणजे १ लाख ८४ हजारांत एक. घरी सोफ्यावर बसून बियांची सोललेली टरफले बशीत टाकणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त धोका आहे, असे मीच सांगत असते. पण त्याच हिशेबात अर्ध्यापेक्षा पूर्ण मॅरेथॉनमध्ये धोका जास्त निघाला आणि पुरुषांना तो बायकांपेक्षा बराच जास्त निघाला. तेव्हा प्रश्न धावावे की नाही हा नाहीच. कोणते दुखणे सोबत घेऊन धावायचे आणि कोणत्या दुखण्याला मान देऊन थांबायचे, एवढाच आहे.

तर ते सांगते. मांड्या, पोटऱ्या, तळवे, खांदे दुखणे हे मॅरेथॉनचे भाडे आहे, ते द्यावेच लागते. फोड, नखे, पोटात गुडगुड, मध्येच रडू येणे, बायकोचा राग येणे, हेही त्यात आले. पण छातीवर ओझे, जबडा, गळा, डावा हात किंवा दोन खांद्यांच्या मध्ये ओढल्यासारखे होणे, न झेपणारी धाप, हृदयाची धडधड मध्येच अडखळणे, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळीबरोबर गार घाम, यांपैकी एक जरी झाले तरी शर्यत तिथे संपली. दहा मिनिटांनी बरे वाटले तरी संपली. एकाच जागी टोचणारे, पाऊल टेकले की कळ येणारे हाडाचे दुखणेही तसेच, कारण त्यात बारीक चीर असू शकते.

आणि एक दुखणे असे आहे की ते ज्याला होते त्यालाच कळत नाही. ते म्हणजे उष्माघात. १५ मार्च २०१३ ला तेल अवीवला खमसीनसारखी हवा होती. उष्म्यामुळे पूर्ण मॅरेथॉन पुढे ढकलली होती, अर्धी मात्र झाली. तीत एक तरुण दगावला आणि अनेकांना इस्पितळात न्यावे लागले. तो दिवस मी रेडिओजवळ बसून काढला. उष्माघाताचा पहिला घाव डोक्यावर बसतो. माणूस बरळतो, शिव्या देतो, उलट दिशेला धावू लागतो, आणि विचारले तर म्हणतो मी ठणठणीत आहे. त्याला थांबायचे शहाणपण कुठून येणार? म्हणून तिथे थांबवण्याचे काम शेजारून धावणाऱ्याचे आहे. अनोळखी असला तरी.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या वसंतातल्या शर्यतीत असाच एक पंचेचाळिशीचा माणूस आमच्या तंबूत आणला. त्याने मला आणि माझ्या सात पिढ्यांना नावे ठेवली. कानातल्या थर्मामीटरने ३८ दाखवले. आमच्याबरोबरचा तरुण पॅरामेडिक म्हणाला, एवढे काही नाही. पण धावलेल्या माणसात कान आणि तोंड खोटे बोलतात. गुदद्वारातून मोजले तेव्हा ४१ निघाले. आमच्याकडे काय होते? लहान मुलांना खेळायचा प्लॅस्टिकचा हौद आणि मासेवाल्याच्या दुकानातून आणलेला बर्फ. त्याला गळ्यापर्यंत त्यात बसवला, डोके आम्ही धरून. ॲम्ब्युलन्स आली तरी मी म्हटले, आधी थंड, मग प्रवास. पंधरा-वीस मिनिटांनी तो शांत झाला आणि विचारू लागला, माझी बायको कुठे आहे, तिला सांगितले का. तेव्हा आमच्या जिवात जीव आला. ४० च्या वर गेलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात थंड केले तर तो बहुधा वाचतो. पॅरासिटामॉल तिथे काही कामाचे नाही. हौद नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेली फडकी सारखी बदलत सर्वांगावर घालावीत, नुसती कपाळावर पट्टी ठेवून भागत नाही.

शेवटच्या रेषेविषयीही एक गैरसमज आहे. रेषा ओलांडून कोणी कोसळला की घरचे किंचाळतात आणि त्याला धरून उभा करतात. बहुतेक वेळा झालेले एवढेच असते की पाय एकदम थांबले, त्यांचा पंप बंद पडला आणि रक्त खाली राहिले. त्याला आडवा करा, पाय वर उचलून धरा, थोड्या वेळात तो तुम्हालाच धीर देईल. अर्थात तो बोलत नसेल, श्वास घेत नसेल तर ही वाट पाहायची नाही, छाती दाबायला लागायचे. पण रेषेच्या आधी, धावता धावता जो कोसळतो त्याचे कारण जवळजवळ नेहमी गंभीर असते. तिथे धावत जायला हवे, आणि आपण सगळे कॅमेरे घेऊन रेषेवर उभे असतो.

आता पाण्याबद्दल. आपल्या बायकांना सवय आहे, लेकरू दिसले की त्याच्या तोंडाला बाटली लावायची. “पी, पी, अजून पी.” इथे मी विरोधात आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, त्यांत १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम कमी झालेले निघाले, आणि तिघांचे तर जिवावर बेतावे इतके. त्याच शर्यतीत एक २८ वर्षांची स्त्री याच कारणाने गेली. पाणी कमी पडून नाही, जास्त होऊन. असे कोणाला होते? चार तासांपेक्षा जास्त वेळ लावणाऱ्यांना, प्रत्येक टेबलावर थांबून पिणाऱ्यांना. शर्यतीच्या शेवटी ज्याचे वजन सुरुवातीपेक्षा वाढले आहे, त्याची मला जास्त काळजी वाटते. डोके दुखते, बोटे सुजून अंगठी रुतते, उलट्या होतात, आणि आपण समजतो पाणी कमी पडले आणि आणखी पाजतो. तहान लागली की प्यावे, तहान भागेल इतकेच. देवाने तहान दिली आहे ती शोभेला नाही.

तसेच त्या गोळ्यांचे. सकाळी निघताना “दुखू नये म्हणून” ॲडव्हिल किंवा नूरोफेन घेण्याची टूम निघाली आहे. घाम गाळताना मूत्रपिंडाला रक्त आधीच कमी मिळते, त्यात ही गोळी ते आणखी आवळते. वर रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी चालू असेल तर तिहेरी मार. आणि माझ्या लेखाच्या विषयाला धरून बोलायचे तर, ही गोळी शरीराचे तोंड दाबते. जे ऐकायचे तेच ऐकू येत नाही.

लहान गावच्या शर्यती मला मोठ्या शहरांपेक्षा जास्त आवडतात, पण त्यांची एक खोड आहे. सगळे लक्ष पहिल्या दहांकडे. मी एका अशा शर्यतीत होते (गावाचे नाव घेत नाही) जिथे पाच तास झाल्यावर पाण्याची टेबले उचलली, डॉक्टरसाहेब बक्षीस समारंभाला गेले, आणि रस्त्यावर अजून अकरा माणसे होती. ती अकरा कोण? पन्नाशी-साठीची, वजनदार, पहिल्यांदाच धावणारी, गोळ्या घेणारी. सर्वांत जास्त वेळ रस्त्यावर राहिलेली, सर्वांत चढत्या उन्हात धावलेली. पहिला येणारा पोरगा वैद्यकीय दृष्ट्या सर्वांत निरोगी माणूस आहे, त्याला फुले द्या, डॉक्टर नको. डॉक्टर शेवटच्या माणसाच्या मागे हवा. आणि त्या मागच्या गाडीत बसणाऱ्याला हार मानल्यासारखे वाटू नये म्हणून तिथे चहा आणि घोंगडी ठेवायला किती खर्च येतो?

हे मी आयोजकांना सांगते तसे घरच्यांनाही सांगते. आपल्या माणसाला सकाळी निघताना “पुरी करूनच ये” म्हणू नका. आपल्या एलियाहू हन्नाबीने अहाबाच्या रथापुढे यिज्रेलपर्यंत धाव घेतली, ही गोष्ट आपण सगळे जाणतो. पण पुढच्याच अध्यायात तो रोतेमच्या झुडपाखाली आडवा पडला, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. देवदूताने त्याला टोमणा मारला नाही. भाकर आणि पाणी दिले आणि झोपू दिले.

तिबेरियाला जाणाऱ्यांसाठी माझे एक जास्तीचे सांगणे. जाऊन-येऊन असलेल्या रस्त्याचा एक धोका असा की वळण्याच्या जागी तुम्ही तंबूपासून सर्वांत लांब असता. मनात शंका असेल, रात्री झोप झाली नसेल, ताप येऊन गेला असेल, तर निर्णय जाताना सेमाखच्या चौकात घ्या, एन गेवला नव्हे. (दोन आठवड्यांत ताप येऊन गेलेल्याने मुळात घरीच राहावे, विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूला असू शकते.) छातीवरचा नंबर उलटा करून पाहा. मागे नाव, आजार, औषधे आणि घरचा फोन लिहायला बहुधा जागा असते. मी तंबूत शेकडो नंबर उलटून पाहिले आहेत, निम्मे कोरे. बेशुद्ध माणसाच्या कोऱ्या कागदावरून मला काय कळणार, की त्याला साखर आहे की मिरगी?

साखरवाल्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, शर्यतीआधी कुपत होलीमच्या मधुमेहाच्या सिस्टरशी बसून त्या दिवसाचा डोस ठरवावा, आपल्या मनाने नव्हे. खिशात साखर ठेवावी. साखर लघवीतून काढणाऱ्या नव्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारावे. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसते: रक्तातली साखर शर्यतीत घसरते त्यापेक्षा त्या रात्री झोपेत जास्त घसरू शकते, कारण रिकामे झालेले स्नायू रात्रभर ती ओढून घेत असतात. झोपण्यापूर्वी तपासावी, आणि पहाटे तीनला गजर लावून पुन्हा तपासावी.

शर्यत शुक्रवारी सकाळी असली की माणूस दुपारी घरी येतो, अंघोळ करतो, किद्दुशला बसतो आणि पाहुण्यांसमोर गोष्टी सांगतो. त्या गडबडीत संडासात काय दिसले ते कोणाला सांगत नाही. लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, किंवा सात-आठ तास झालीच नाही, तर स्नायूंचा चुरा मूत्रपिंडात अडकत असतो. कुपत होलीम रविवारी उघडेल म्हणून थांबू नये. त्याच रात्री मियूनला जावे, गाडी नसेल तर १०१ ला फोन करावा. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.